हात दोनच असतात

"तुला करता काय येतं?"

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मामंजी आधी हेच विचारायचे. राजा होणारा असो, मांत्रिक असो, नाहीतर नुसता भाला धरून उभा राहणारा शिपाई असो. कोणतं पात्र आहे ते मागाहून. मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी जाऊन बसले तेव्हा हा प्रश्न ऐकून मीच उत्तर द्यायला निघाले, कारण तोच प्रश्न त्यांनी मलाही विचारला होता. मला बघायला ते कऱ्हाडच्या पलीकडे आमच्या मामाच्या घरी आले होते तेव्हा. स्वयंपाक, वय, शिक्षण असलं काही न विचारता म्हणाले, "तुला करता काय येतं, अम्मा?" बंगळुराकडे लेकीसुनेला अम्मा म्हणतात हे मला कुठं ठाऊक? मला वाटलं हे मामीला विचारतायत. मामीने कोपराने ढोसलं तेव्हा तोंडातून निघालं, "काजं करता येतात." ते म्हणाले, "सरी." आणि लग्न ठरलं. सहावीतून शाळा सोडवलेली, आईबापाविना मामाकडे वाढलेली मुलगी, तिला घेऊन जाणाऱ्यांनी एका शब्दात हो म्हणावं, याचं मोल मला कळत होतं. म्हणूनच भीती जास्त होती. काजांच्या पलीकडे काही येत नाही हे उघडकीला आलं तर काय?

आमचं सासर चामराजपेटेतलं. मूळचे आपल्याकडचेच शिंपी, पण बंगळुरात किती पिढ्या झाल्या ते कोणाला सांगता येत नसे. घरात मराठीच बोलत, तरी मला ती उशिरा कळायची. वाक्य सुरू व्हायचं आपलं आणि संपायचं त्यांचं. "तो पाट स्वल्प हिकडं सरकव" म्हटलं की मी पाट कुठे ते शोधायचं की स्वल्प म्हणजे कोण ते बघायचं, यात उभी राहायची. मामंजींना सगळं जग अण्णा म्हणे. फक्त त्यांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, त्यांना तम्मा म्हणत. धाकट्या भावाला तसं म्हणतात. आत्याबाई विधवा होत्या, घर त्यांच्या हातात होतं, आणि माझ्या हातून दिवसभरात काय काय बिघडलं याचा हिशोब संध्याकाळी माझ्या नवऱ्याला मिळायचा. नवरा बिचारा सकाळच्या बसने कारखान्यात जायचा आणि दमून यायचा. हसून म्हणायचा, "होईल की सवय." कोणाला सवय व्हायची, मला की आत्याबाईंना, ते सांगत नसे.

आता दुकानाविषयी. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत नाटकाचे पोशाख भाड्याने देण्याचं काम चाले. एकोणीसशे पन्नासच्या दशकाचा शेवट होता तो. सुगी झाली की उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आधी आजूबाजूच्या गावागावांतून नाटकं होत. राजे, राक्षस, नागकन्या, शापित राजपुत्र, जादूच्या तलवारी. गावचीच माणसं पात्रं घेत. कोणी घ्यायचं ते देवळात ठरे, ज्याच्या घरून देवळाला भात जास्त जाई त्याचं पात्र मोठं. गळा कोणाला आहे, उंची कोणाची आहे, हे कोणी बघत नसे. मग एक मेष्ट्रू, म्हणजे नाटकाचे मास्तर, पेटी घेऊन त्या गावात येऊन राहात आणि ज्याला जे येत नाही ते त्याच्याकडून करून घेत. नाटक जवळ आलं की सगळी मंडळी बसने बंगळूरला यायची, आमच्या दुकानात. राजा व्हायला आलेला माणूस कधी पोरसवदा असायचा, कधी बोळक्या तोंडाचा. त्याला राजा आम्ही करायचा.

दुकानाची रीत अशी होती. प्रत्येक पात्राला चार वस्तू. डोक्याला एक, छातीला एक, हाताला एक आणि एक हौसेची. डोक्याला मुकुट नाहीतर फेटा. छातीला बेगडी कवच किंवा जरीचं जाकीट. हाताला शस्त्र. आणि चौथी वस्तू त्याच्या मनाची, ज्यात मामंजी तोंड घालत नसत. यापेक्षा जास्त काही मिळायचं नाही. पण समोर भिंतभर टांगलेलं बघून माणसाची मती फिरायचीच. तलवार घेतलेल्याला धनुष्य दिसायचं. धनुष्य घेतलेल्याला कमरेला कट्यारही हवी असायची, पाठीला ढाल हवी असायची. मग मामंजी हातातली सुई कपड्यात खोचून स्वतःचे दोन्ही पंजे वर करत.

"हात दोनच असतात. एक शस्त्राला, एक बोलायला."

यावर वाद नसे. पण हौसेच्या वस्तूवरून सकाळची दुपार व्हायची. एका राजपुत्राला मोरपिसांचा पंखा घेऊ की पोवळ्यांची माळ हे ठरेना. त्याच्याबरोबरचे इडल्या खाऊन आले, पान खाऊन आले, तरी तो तिथेच. शेवटी त्याने दोन्ही सोडून खोट्या मिशा घेतल्या आणि त्या लावूनच बस पकडायला गेला. एका विदूषकाने कवच मागितलं. विदूषकाला कवच कशाला म्हणून मी हसले, तर तो गंभीर होऊन म्हणाला, "मागच्या वर्षी लोकांनी मला नारळ मारला होता, अक्का." मामंजींनी त्याला छातीला एक आणि वर हौस म्हणून पाठीला एक कवच दिलं.

या दुकानात आधी माझी नणंद बसायची. तिचं लग्न होऊन ती होसूरला गेली आणि जागा रिकामी झाली. मामंजींनी मला सांगितलं, "यंदाच्या नाटकांपुरती बसून बघ, अम्मा. जमलं तर तू. नाही जमलं तर माणूस ठेवू, तू आत आत्याला हात दे. रागवायचं त्यात काही नाही." रागावले असते तर बरं वाटलं असतं. आत आत्याला हात द्यायचा म्हणजे काय ते मला माहीत होतं. आणि मला दुकान हवं होतं. का, ते नीट सांगता येत नाही. घरात मी परकी होते, पण दुकानात येणारा प्रत्येक जण माझ्यासारखाच गोंधळलेला असायचा. भिंतीकडे बघायचा, स्वतःकडे बघायचा आणि काय घेऊ ते त्याला कळायचं नाही. त्या माणसांत मला मोकळं वाटायचं. शिवाय रात्रंदिवस एक भीती असे, की जिचं कुठंच जमत नाही तिला परत पाठवतात. असं मला कोणी म्हटलं नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं.

तर मी बघत बसायची आणि मामंजी कोणाला काय का देतात त्याचा नियम शोधायची. नियम काही सापडायचा नाही. "तुला करता काय येतं" झालं की ते आणखी काहीबाही विचारत. "घरी विहीर आहे का?" "झोपेत बोलतोस का?" "पान खातोस का?" यातलं पान खातोस का हे तर जवळजवळ सगळ्यांना. हो म्हणणाऱ्याला एकदा फेटा मिळाला, एकदा मुकुट. नाही म्हणणाऱ्यालाही तसंच. मी मनात मांडणी करायची, दुसऱ्या दिवशी ती मोडायची. एकदा माझ्या लक्षात आलं की गाणाऱ्याला ते हलका, पांगाऱ्याच्या लाकडाचा मुकुट देतात. जड मुकुटाने मान आखडते, गळा मोकळा राहत नाही. मी धीर करून तसं बोलले. मामंजींनी मान डोलावली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. तेवढ्यात एक गाणारा सेनापती आला, त्याने दोन ओळी म्हणून दाखवल्या आणि मामंजींनी त्याला दुकानातलं सगळ्यात जड शिरस्त्राण काढून दिलं. तो गेल्यावर मी विचारलं, हे कसं? ते म्हणाले, "त्याचा गळा बंद झालेला बरा."

शेवटी एकदा मी म्हटलंच, "मामंजी, एकदा नीट सांगा ना, कसं ठरवायचं."

ते दोरा ओवत होते. "पात्र त्यांनी घेतलेलंच असतं, अम्मा. ते निभावेल एवढंच आपण द्यायचं."

आता हे कळलं की नाही कळलं? मला वाटलं कळलं. संध्याकाळी चूल पेटवताना वाटलं, काहीच कळलं नाही.

एक गोष्ट मात्र रोज बघूनही मी नुसती बघितली होती. मुकुट ठरला की मामंजी त्याला कुंकू लावत आणि आपल्या दोन्ही हातांनी त्या माणसाच्या डोक्यावर ठेवत. दुकानातले सगळे त्या वेळी गप्प होत. एकदा असा ठेवलेला मुकुट नाटक संपेपर्यंत त्याचाच. दुसऱ्याच्या डोक्यावर जायचा नाही. तो माणूस आजारी पडला तर मुकुट रंगमंचावर खुर्चीत ठेवायचे आणि दुसरा माणूस त्याच्या बाजूला बोडक्याने उभा राहून बोलायचा. मला वाटायचं, चांगली रीत आहे. ती बांधून टाकणारी आहे हे ध्यानात यायला वेळ लागला.

होसूरला नणंद बाळंत झाली आणि मामंजी नातीला बघायला निघाले. पायात वहाणा घालता घालता म्हणाले, "उद्या मागडी गावाकडची मंडळी येतील. तू दे."

"मी? एकटी?"

"मी नसताना येईल ते तुझंच," म्हणून ते गेले.

मंडळी आली ती मेष्ट्रूंशिवाय. त्यांच्या पेटीचा भाता फाटला होता, तो शिवून घ्यायला ते पेटीवाल्याकडे थांबले होते. नाटक त्यांनीच रचलेलं. पृथ्वीवर एक सज्जन राजा, त्याची मुलगी पाताळचा राजा पळवून नेतो, मग राजपुत्र, मांत्रिक, लढाई, असं. मला त्या वेळी कानडी कामापुरतंच येत होतं. मामंजींचा प्रश्न मी पाठ केला होता, तो एकेकाला विचारत गेले. सज्जन राजा झालेला माणूस सुपारीचा व्यापारी होता, किडकिडीत आणि बोलका. त्याने बोलता येतं म्हणून सांगितलं, आणि थांबलाच नाही. पाताळच्या राजाचं पात्र घेतलेला माणूस दारातून वाकून आत आला होता आणि वाकलेलाच उभा होता, इतका उंच. मी विचारलं, तुम्हाला करता काय येतं?

"गूळ," तो म्हणाला.

सगळे हसले. तो हसला नाही. मीही हसले नाही, कारण मला पुढे काय विचारायचं ते सुचेना.

दुकानात एक मोठा मुकुट होता. मजल्यांवर मजले चढवलेला, आरशांच्या टिकल्यांचा, मागे मोठं गोल तेजाचं चक्र. तो दाराशी पहिल्या खुंटीवर असे आणि रस्त्याने जाणारे लोक थांबून त्याच्याकडे बघत. तो कोणाला द्यायचा यात माझ्या मनात शंकाच नव्हती. सबंध दिवसात तेवढीच एक गोष्ट मला स्वच्छ दिसत होती. राजे दोन, त्यातला एक सज्जन, एक दुष्ट. मोठा मुकुट सज्जनाचा. आमच्या गावच्या जत्रेत राक्षस यायचा तो तोंडाला काजळी फासून आणि डोक्याला चिंध्या बांधून. पोरं त्याला खडे मारायची. मी सुपारीवाल्याला मोठा मुकुट दिला. गूळवाल्याला एक बसका काळा मुकुट होता, पुढे दोन शिंगं असलेला, तो दिला. हातात पोकळ गदा. कुंकू लावलं, मामंजींसारखे दोन्ही हात वर केले. गूळवाल्याच्या डोक्यापर्यंत माझे हात पोहोचेनात म्हणून तो गुडघ्यावर बसला.

दुकान गप्प झालं. मला ते आदराचं वाटलं. सुपारीवाल्याचं बोलणंही बंद झालं होतं. दुसऱ्याचं मूल हातात दिल्यासारखा तो मोठ्या मुकुटाखाली ताठ उभा होता. गूळवाल्याने उठून भिंतीकडे एकदा बघितलं.

"सरी, अक्का," तो म्हणाला.

हौसेचं काय घेणार म्हणून मी विचारलं, तर त्याने नुसती मान हलवली. मंडळी आत्याबाईंची कॉफी न घेताच निघाली. असं कधी होत नसे. माझं काहीतरी चुकलं हे मला कळलं, पण काय, ते कळेना. कवच उलटं बांधलं का? कुंकू डाव्या हाताने लावलं का? दिवसभर मी तेच आठवत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजी आले. पायरीवर पाऊल ठेवायच्या आधी त्यांची नजर पहिल्या खुंटीवर गेली. "मोठा गेला वाटतं. पाताळच्या राजाला शोभला का?"

"पाताळच्या नाही," मी म्हटलं. "सज्जन राजाला दिला."

मामंजी पायरीवरच बसले. पिशवी मांडीवर घेतली. मग हळूहळू, जसं लहान मुलाला सांगावं तसं, त्यांनी सांगितलं. या मुलखात लोक नाटकाला येतात ते राक्षस बघायला. तो कधी येतो, कसा येतो, पहिलं पाऊल कसं टाकतो, याचीच वर्षभर चर्चा. गावातलं सगळ्यात मोठं पात्र तेच, त्या गूळवाल्याच्या घरचं भात त्यासाठीच गेलेलं. मोठा मुकुट राक्षसाचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. म्हणून तर मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि दुकानातल्या बाईने कुंकू लावून डोक्यावर ठेवलेला मुकुट मला नको, असं कोण म्हणेल?

"पण तो दुष्ट आहे ना, मामंजी?"

"दुष्ट आहे म्हणूनच मुकुट मोठा. सज्जनाला कशाला हवा? त्याच्याजवळ सज्जनपणा आहे."

मागे दारात आत्याबाई अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "तम्मा, सुनेने लढाईचा निकाल आधीच लावून टाकला. आता नाटक करायचं कारणच नाही."

मी वाट बघत होते ती, आता माणूस ठेवू, या वाक्याची. ते आलं नाही. मामंजींनी विचारलं, "त्याची हौस दिलीस?"

"त्याने मागितलीच नाही."

"म्हणजे बाकी आहे." ते उठले. "मुकुट आता बदलता येत नाही. उद्या नाटक. सकाळी आपण जाऊ. हौसेचं काय न्यायचं ते काढून ठेव."

"तुम्हीच काढा ना. माझं पुन्हा चुकलं तर?"

"कुंकू तू लावलंस, अम्मा," एवढंच म्हणून ते हातपाय धुवायला आत गेले.

मी भिंतीवरचं एकेक खाली काढलं. मोठ्या मुकुटाची भरपाई कशाने होणार? कवट्यांची माळ काढली. लाकडी सुळे काढले. मखमलीचा पायघोळ शेला काढला, तो राणीचा निघाला. सगळं जमिनीवर पसरून मी मध्ये बसले आणि जितकं बघावं तितकं सगळं सारखंच दिसायला लागलं. ज्या माणसांना मी मनातल्या मनात हसायची, पंखा की माळ म्हणून अडून बसणाऱ्या, त्यांच्यासारखीच मी झाले होते. त्यांचं निदान स्वतःच्या हौसेवर अडत होतं. मला दुसऱ्याची ओळखायची होती, आणि मला त्याच्याबद्दल एकच शब्द माहीत होता. गूळ.

आत्याबाई शेंगांची टोपली घेऊन आल्या, पसारा बघितला आणि म्हणाल्या, "गूळवाला ना तो? त्याला काहिलीतला दांडा दे नेऊन. तेवढंच येतं त्याला."

त्या टोमणा मारून गेल्या. पण गुऱ्हाळं आमच्याकडची. लहानपणी मी काहिलीशेजारी बसून काकवी चाटली आहे. गुळव्या काहिलीवर उभा असतो ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. खाली जाळ, वर वाफ, आणि तो खांद्यापासून हात फिरवत रस हलवत असतो, घाई नाही, थांबणं नाही. लाकडाचं जड फावडं त्याच्या हातात पळीसारखं वाटतं. त्या माणसाला मी पोकळ गदा दिली होती. ती त्याने उचलली होती ती दोन बोटांनी, मोडेल म्हणून भीत भीत. हे मी बघितलं होतं आणि आठवलं आत्ता.

आमच्या दुकानाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला एक गदा टेकवून ठेवलेली असे. फणसाच्या लाकडाची, भरीव. कोणा सुताराने पोकळ करायचं विसरून करून दिली होती आणि कोणत्याही वीराला ती उचलेना, म्हणून ती दाराच्या कामाला लागली होती. मी ती ओढत आत आणली आणि पुसायला घेतली. बरोबर आहे असं वाटलं म्हणून नव्हे. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून.

सकाळी मामंजींनी ती पोत्यात गुंडाळलेली बघितली आणि पोत्याचं तोंड दोरीने बांधलं. बसच्या टपावर चढवायला दोन माणसं लागली. कंडक्टर मामंजींना म्हणाला, "अण्णा, यात कोणाला भरलंय?" मामंजी म्हणाले, "राक्षसाला." बस हसली.

गावात देवळापुढे फळ्यांचा रंगमंच उभा राहिला होता. मेष्ट्रू पेटी घेऊन बसले होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं आणि मामंजींना सांगितलं की पाताळच्या राजाला सकाळपासून ताप आहे. मामंजींनी विचारलं, अंग तापलंय का? मेष्ट्रू म्हणाले, नाही, तसा ताप नाही.

"जा," मामंजी मला म्हणाले. "हौस तुझ्याकडे आहे."

मी पोतं ओढत नेलं. गूळवाला देवळाच्या ओट्यावर घोंगडी पांघरून बसला होता. काळा मुकुट शेजारी ठेवला होता, नीट, फडक्यावर. अपमान त्याचा झाला होता आणि तो मुकुटाला जपत होता. मला रडू आलं. कानडी सगळं विसरले. कसंबसं म्हणाले, "अण्णा, तुमची हौस राहिली होती."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पोत्याकडे. घोंगडी बाजूला करून उठला, पोतं सोडलं, आणि ती गदा एका हाताने उचलली. खांद्यापासून एकदा फिरवली, काहिलीत फिरवतात तशी. मग तसाच रंगमंचावर गेला आणि मध्यावर ती फळीवर टेकवली.

तो आवाज मी कधी विसरणार नाही. मेष्ट्रूंची पेटी आपोआप कण्हली. देवळाशी बांधलेली गाय उठून उभी राहिली. समोरच्या घरांतून माणसं बाहेर आली, काय पडलं म्हणून. त्याने एक पाऊल टाकलं आणि पुन्हा टेकवली. सुपारीवाला सज्जन राजा मोठा मुकुट डोक्यावर ठेवून बघत होता, तो आपसूक दोन पावलं मागे सरला. मेष्ट्रूंनी पेटीवरचे हात काढले आणि म्हणाले, "हे मी त्याला शिकवलेलं नाही." ते कोणाविषयी बोलले, गूळवाल्याविषयी की सुपारीवाल्याविषयी, मला कळलं नाही.

मुक्काम करण्यासारखी सोय नव्हती, उन्हं उतरायच्या आत आम्ही बसमध्ये बसलो. गूळवाल्याने परत दिलेली पोकळ गदा माझ्या मांडीवर होती. मी विचारलं, "मामंजी, झालं ना आता नीट?"

"काय माहीत. नाटक कुठं बघितलंय आपण?"

पोशाखाच्या पेट्या परत येईपर्यंत मला जेवण गेलं नाही. त्या आल्या तेव्हा बरोबर मेष्ट्रू आणि गूळवाला दोघे होते. फणसाच्या गदेचा खालचा कपचा उडाला होता आणि रंगमंचाची एक फळी मोडली होती, असं मेष्ट्रू कौतुकाने सांगत होते. या खेपेला दोघांनी कॉफी घेतली. गूळवाल्याने फडक्यातून काळा मुकुट काढून माझ्या हातात दिला. मला राहवेना. विचारलं, मुकुट चालला का?

तो विचार करून म्हणाला, "मुकुट कोणी बघितला, अक्का? सगळे जमिनीकडे बघत होते."

ही तक्रार होती की शाबासकी, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. मामंजींना विचारलं तर ते म्हणाले, "गूळ चांगला आणलाय," आणि ढेप आत घेऊन गेले. आत्याबाईंनी त्याचा एक खडा मोडून चाखला, दुसरा मोडला आणि माझ्यापुढे धरला.

मी निकालाची वाट बघत राहिले. एके दिवशी मामंजी मला समोर बसवून सांगतील, जमलं किंवा नाही जमलं. सणाला, पाडव्याला, कधीतरी. तसं कधीच झालं नाही. झालं ते इतकंच, की पुढची मंडळी आली तेव्हा मामंजी खिडकीशी कवचाला बेगड टाचत बसले होते. एक राजपुत्र त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि "अण्णा" म्हणाला. त्यांनी वर न बघता हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

राजपुत्र माझ्यापुढे आला. माझं डोकं रिकामं झालं. पाठ केलेला प्रश्नही आठवेना. तो भिंतीकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मग माझ्या तोंडातून निघालं,

"पान खातोस का?"

तो ओशाळला. "रोज नाही, अक्का. बाजाराच्या दिवशी."

मी समजल्यासारखी मान डोलावली आणि पांगाऱ्याचा हलका मुकुट खाली काढला. खिडकीशी मामंजींनी दाताने दोरा तोडला आणि दुसरा ओवायला घेतला.